हे काम कुणाचं? पाचवीच्या पोरांना राज्य सरकार शिकवायची आमच्या वर्गातली पद्धत

राज्य सरकार शिकवायचं म्हटलं की आपण फळ्यावर सगळ्यात वर राज्यपाल लिहितो, त्याखाली मुख्यमंत्री, त्याखाली मंत्रिमंडळ, मग बाण काढतो, पोरं ते बाण वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत तसेच्या तसे काढूनही देतात, पण घरी आजोबांनी विचारलं की आपला आमदार दिल्लीला बसतो का मुंबईला तर निम्मी पोरं गप्प. मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते आणि पहिली काही वर्षं मीसुद्धा ते बाणच काढत होते. आता मी उलटं करते, पोराच्या सकाळपासून सुरू करते आणि हळूहळू मुंबईपर्यंत नेते. चार-पाच तासिकांत आरामात होतं, घरी एकटं पोरगं असेल तर आईवडिलांनाही जमेल.

पहिल्या दिवशी पुस्तक उघडायचंच नाही. पोरांना सांगायचं, सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काय काय लागलं ते सांगा. नळाचं पाणी, लाईट, रेशनचा तांदूळ, एसटी, गावातला खांबावरचा दिवा, कुणाची आजी सरकारी दवाखान्यात गेलेली, कुणाचे वडील सातबारा आणायला तलाठ्याकडे गेलेले, मिरजेला मामाकडे रेल्वेनं जाऊन आलेलं एखादं तर असतंच. हे सगळं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहायचं. मग मैदानावर फक्कीनं तीन मोठी रिंगणं आखायची, एक गावाचं आणि जिल्ह्याचं, एक राज्याचं, एक दिल्लीचं. मी चिठ्ठी वाचते आणि विचारते, हे काम कुणाचं? पोरांनी पळत जाऊन त्या रिंगणात उभं राहायचं. बस्स, एवढाच खेळ, पण अख्खा धडा यात बसतो.

रेल्वे म्हटलं की दिल्ली. पोस्ट, सैन्य, खिशातली दहाची नोट, साताऱ्यावरून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग, हे पण दिल्ली. पोलीस ठाणं, एसटी, कोयना धरण, सातबारा, जिल्ह्याचं सरकारी हॉस्पिटल, शेतीखातं, हे राज्य. गावातला दिवा, गटार, कचरा, नळाला पाणी सोडणारा माणूस, हे ग्रामपंचायत. ही वाटणी कुणी केली असं पोरं विचारतातच, तेव्हा सांगायचं की संविधानात तीन याद्या आहेत, एक केंद्राची, एक राज्याची आणि एक दोघांची मिळून. त्या तिसऱ्या यादीसाठी माझी चिठ्ठी ठरलेली असते, शाळा. शाळा म्हटलं की पोरं तिन्ही रिंगणांत विखुरतात आणि आपापसात भांडतात, आणि तिथं मी त्यांना भांडू देते, कारण सगळ्यांचंच थोडं थोडं बरोबर असतं. शाळा जिल्हा परिषदेची, पुस्तक बालभारतीचं म्हणजे राज्याचं, आणि दुपारच्या खिचडीचा खर्च केंद्र आणि राज्य दोघं मिळून उचलतात. गेल्या वर्षी एका पोरीनं एक पाय राज्याच्या रिंगणात आणि एक दिल्लीच्या रिंगणात ठेवला आणि म्हणाली, मॅडम मी खिचडी. तेव्हापासून ती तिसरी यादी, म्हणजे समवर्ती सूची, माझ्या वर्गात खिचडी म्हणूनच ओळखली जाते.

गाड्यांचे नंबर पण कामाला येतात. एमएच ११ सातारा, एमएच ५० कराड, एमएच १० सांगली, हे पोरांना तोंडपाठ असतं, पण पहिली दोन अक्षरं म्हणजे महाराष्ट्र राज्य आणि तो नंबर देणारं आरटीओ राज्याच्या परिवहन खात्याचं, हे सांगितलं की पोरं संध्याकाळी रस्त्यावर उभं राहून केए लिहिलेल्या गाड्या मोजतात आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात की मॅडम कर्नाटकच्या सात आल्या. राज्य म्हणजे काय, त्याची हद्द कुठं संपते, हे आमच्या जत-मिरजेकडच्या पोरांना यातून जितकं कळतं तितकं नकाशातून नाही कळत. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला हे पण इथंच सांगून टाकायचं, आणि पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण आपल्या देवराष्ट्रेचे, शिकले कराडला. आता एक पोरगं नक्की विचारणार की पुस्तकात सातारा जिल्हा लिहिलंय आणि देवराष्ट्रे तर कडेगाव तालुक्यात, म्हणजे सांगलीत. तर त्यांचा जन्म १९१३ चा, तेव्हा ते साताऱ्यातच होतं, १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून वेगळा जिल्हा झाला आणि त्यालाच पुढं सांगली हे नाव मिळालं.

आता आमदार. इथं पोरांचा आणि खरं सांगायचं तर पालकांचाही गोंधळ असतो, आमदार आणि खासदार. खासदार दिल्लीला लोकसभेत, आमदार मुंबईला विधानसभेत. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार, त्यातले सांगली जिल्ह्यातून आठ आणि सातारा जिल्ह्यातूनही आठ. सांगलीचे मतदारसंघ मी पोरांकडून पाठ करून घेते, मिरज, सांगली, इस्लामपूर, शिराळा, पलूस-कडेगाव, खानापूर, तासगाव-कवठेमहांकाळ, जत. पाठांतर वाईट नसतं, आपल्या भागाची नावं तरी तोंडात बसावीत. साताऱ्याकडच्यांनी फलटण, वाई, कोरेगाव, माण, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा घ्यावेत. एक बारकी गोष्ट मुद्दाम सांगा, आमदाराचा आणि खासदाराचा नकाशा एक नसतो. इस्लामपूर आणि शिराळा सांगली जिल्ह्यात आहेत पण त्यांचा खासदार हातकणंगल्याचा, आणि माण-फलटणचा खासदार माढ्याचा. मतदान करायला वय १८, आमदार व्हायला २५. २५ ऐकल्यावर पोरं बोटांवर मोजत बसतात की अजून किती वर्षं राहिली, मोजू द्या.

पोरांना सगळ्यात जास्त आवडतं ते यानंतरचं, वर्गाची विधानसभा. याला दोन तासिका द्याच, घाई करू नका.

माझ्या वर्गात ३१ पोरं. एक अध्यक्ष म्हणजे सभागृह चालवणारा, एक राज्यपाल, उरले २९ आमदार. प्रत्येकाला एकेका मतदारसंघाचं नाव कागदावर लिहून शर्टाला टाचणीनं लावायचं. मग तीन पक्ष, पांढरा खडू, लाल खडू, पिवळा खडू. खऱ्या पक्षांची नावं वर्गात आणायची नाहीत, अजिबात नाहीत, गावात घराघरात कोण कुणाचं ते पोरांना माहिती असतं आणि मग धडा बाजूला राहतो आणि भांडणं घरापर्यंत जातात. आमच्यात पांढऱ्याला १२, लालला १०, पिवळ्याला ७ आले. आता सरकार कुणाचं? सगळी ओरडली, पांढऱ्याचं, १२ सगळ्यात जास्त. मग मी म्हटलं, निम्म्यापेक्षा एक तरी जास्त लागतो, २९ मध्ये १५ लागतात, खऱ्या विधानसभेत २८८ मध्ये १४५. १२ आहेत का १५? मग बघा काय झालं, पांढऱ्याची पोरं उठली आणि पिवळ्याच्या बाकाकडं गेली, लालची पण गेली, आणि पिवळ्याची सात पोरं जिला कधी कुणी खेळायला घेत नाही अशा त्यांच्या पुढारी पोरीकडं बघायला लागली. तिनं विचार करून सांगितलं की अर्थमंत्री मला करणार असला तर पांढऱ्यासोबत येतो. आघाडी सरकार म्हणजे काय हे मी शिकवलंच नाही, त्यांनी ते स्वतःच करून दाखवलं.

मंत्री किती करायचे यालाही नियम आहे, सगळ्यांना मंत्री होता येत नाही. २००३ साली संविधानात दुरुस्ती झाली, विधानसभेच्या एकूण आमदारांच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त मंत्री करता येत नाहीत, त्यात मुख्यमंत्रीही धरायचा. २८८ चे १५ टक्के म्हणजे ४३. आमच्या २९ चे काढले तर चार. शेकडेवारीचं गणित पाचवीला थोडं जड जातं पण इथं पोरं स्वतःहून करतात कारण मंत्रिपद अडकलेलं असतं. चार मंत्री झाले, मुख्यमंत्री, अर्थ, शिक्षण आणि पाणी. लाल खडूवाले राहिले विरोधात, त्यांच्यातून विरोधी पक्षनेता. विरोधी म्हणजे वाईट नाही हे ठासून सांगा, त्यांचं काम प्रश्न विचारायचं, आणि विधानसभेत रोज प्रश्नोत्तराचा तास असतो त्यात मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

आता पैसे. मी घरून शंभर चिंचोके मोजून नेते आणि अर्थमंत्र्याच्या पुढ्यात ठेवते. हे आपल्या वर्गाचं वर्षाचं बजेट. प्रत्येक मंत्र्यानं आपली मागणी सांगायची. शिक्षणमंत्र्याला वाचनकोपऱ्यासाठी ४० पाहिजेत, पाणीमंत्र्याला टाकी धुवायला आणि नळाची तोटी बसवायला ५०, मुख्यमंत्र्याला सहलीला ५०. झाले १४०. ती अर्थमंत्री पोरगी चिंचोके दोनदा मोजून म्हणाली, मॅडम नाहीत एवढे. मी म्हटलं मला सांगू नकोस, सभागृहाला सांग. तिनं सांगितलं, आणि मग लाल खडूतून प्रश्न आला की सहल महत्त्वाची का तोटी. दहा मिनिटं नुसता गोंधळ, अध्यक्ष झालेला पोरगा डस्टर आपटून आपटून दमला, शेवटी सहल दहा चिंचोक्यांवर आली म्हणजे लांब न जाता पायी जवळच्या देवळापर्यंत. मुंबईत दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या दरम्यान अर्थसंकल्पी अधिवेशनात हेच चालतं, फक्त चिंचोक्यांच्या जागी लाखो कोटी असतात. पावसाळी अधिवेशन पण मुंबईला, हिवाळी मात्र नागपूरला. पैसे येतात कुठून हे पण सांगून टाका, दुकानातून काही घेतलं की बिलावर जीएसटी दोन ओळींत असतो, अर्धा केंद्राचा अर्धा राज्याचा, आणि पेट्रोलवरचा व्हॅट राज्याचा. जुनं बिल दाखवा, पोरांना एसजीएसटीतला एस म्हणजे स्टेट हे शोधायला लावा.

मग कायदा. आमच्या वर्गाचं विधेयक होतं की मधल्या सुट्टीत मैदानाचा निम्मा भाग पहिली-दुसरीच्या पोरांना सोडायचा. क्रिकेटवाले सगळे पक्ष सोडून विरोधात. चर्चा झाली, अध्यक्ष म्हणाला, प्रस्तावाच्या बाजूने असतील त्यांनी होय म्हणावे, विरुद्ध असतील त्यांनी नाही म्हणावे. आवाजावरून कळेना म्हणून हात मोजले, १६ होय, १२ नाही, एक पाणी प्यायला गेलेला. मग सातवीतल्या पाच पोरांना बोलावलं, ती आमची विधान परिषद. महाराष्ट्रात दोन सभागृहं आहेत, देशात अशी सहाच राज्यं, आणि आपल्या परिषदेत ७८ आमदार, ते थेट आपण निवडत नाही, काही विधानसभेचे आमदार निवडतात, काही जिल्हा परिषद-नगरपालिकांचे सदस्य, काही पदवीधर, काही शिक्षक आणि १२ जण राज्यपाल नेमतात. एवढं सांगून पुढं जायचं, पाचवीला याच्यापेक्षा खोल नको. सातवीच्या पोरांनी एक चांगली सूचना केली, शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा अख्खं मैदान मोठ्यांना. मान्य झाली.

आणि मग विधेयक गेलं व्हरांड्यात, राज्यपालांच्या सहीला. हा आमचा राज्यपाल वर्गातला सगळ्यात चांगला बॉलर. तो म्हणाला मी सही करणार नाही. वर्गात एकच गलका. मला असा आनंद झाला, कारण हा प्रश्न पुस्तकातून कधीच आला नसता. राज्यपाल विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, किंवा काही वेळा राष्ट्रपतींकडं पाठवतात, पण परत पाठवलेलं विधेयक दोन्ही सभागृहांनी पुन्हा मंजूर केलं की मग सही अडवता येत नाही. सभागृहानं पुन्हा हात वर केले, यावेळी १७. त्यानं सही केली, आणि मैदान आजही तसंच वाटलेलं आहे.

राज्यपाल या शब्दापाशी थांबायलाच लागतं. दरवर्षी कुणीतरी हळूच विचारतं, पाल म्हणजे भिंतीवरची का? हसू नका, चांगला प्रश्न आहे. गोपाळ म्हणजे गाई सांभाळणारा, द्वारपाल म्हणजे दार सांभाळणारा, तसा राज्यपाल. त्यांना आपण निवडत नाही, राष्ट्रपती नेमतात. मग मुख्यमंत्री मोठा का राज्यपाल मोठा? याला मी शासन निर्णय दाखवते, म्हणजे आपण ज्याला जीआर म्हणतो तो. कुठलाही एक साधा प्रिंट काढून आणा, शिक्षणाचा असला तर उत्तमच. वर महाराष्ट्र शासन, खात्याचं नाव, मंत्रालय मुंबई, तारीख, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ असते, महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने. पोरांच्या हातात कागद द्यायचा आणि ती ओळ शोधायला लावायची. निर्णय घेतात मुख्यमंत्री आणि मंत्री, कारण त्यांना आमदारांचा आणि आमदारांना आपला पाठिंबा असतो, पण कागद निघतो राज्यपालांच्या नावानं. खाली सही असते ती कुणा सचिवाची, उपसचिवाची नाहीतर अवर सचिवाची, म्हणजे अधिकाऱ्याची. मंत्री पाच वर्षांत बदलतात, अधिकारी परीक्षा देऊन येतात आणि सरकार कुणाचंही असलं तरी काम करतात. जिल्ह्यात कलेक्टर तसेच. पाऊस जास्त झाला की शाळेला सुट्टी कलेक्टर देतात हे पोरांना पक्कं ठाऊक असतं, तोच धागा पकडायचा.

आणि पाऊस निघालाच आहे तर पुराचं सांगायलाच पाहिजे, आपल्या भागातल्या पोरांना सरकार कसं चालतं ते यापेक्षा चांगलं कशातूनच दाखवता येणार नाही. माझं माहेर नदीकाठचं. ऑगस्ट २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. आता पाचवीला असलेली पोरं तेव्हा अगदी लहान, पण घरी आईबापांना विचारा म्हटलं की दुसऱ्या दिवशी वर्गात गोष्टींचा ढीग येतो. त्या गोष्टी घेऊन पुन्हा तोच प्रश्न विचारायचा, हे काम कुणाचं? कोयनेचे दरवाजे किती उचलायचे, राज्याचं जलसंपदा खातं. कोयनेत साधारण १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट, पाणी मावतं आणि धरण भरलं की सोडावं लागतं. पाणी पुढं कर्नाटकात अलमट्टी धरणाकडं जातं, ते धरण कर्नाटकचं, तिथं आपल्या मंत्र्यांचा हुकूम चालत नाही, बोलावं लागतं, आणि दोन राज्यांचं नाहीच पटलं तर केंद्र, पाणीवाटपाला लवाद. बोटी घेऊन आलेलं एनडीआरएफ, म्हणजे आपत्तीत धावून येणारं दल, केंद्राचं, जिल्ह्यात सगळ्यांना कामाला लावणारे कलेक्टर, गुरंढोरं वर काढायला गावातलीच पोरं आणि ग्रामपंचायत, आणि पाणी ओसरल्यावर चिखलातून घरोघरी फिरून पंचनामा करणारे तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. किती मदत द्यायची ते मंत्रिमंडळ ठरवणार, त्याचा जीआर निघणार, आणि तो जीआर शेवटी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने. माझ्या वर्गातल्या एका पोरानं हे सगळं एका कागदावर चित्र काढून आणलं, नदी मधून, आणि नदीच्या कडेनं ही सगळी माणसं उभी. फळ्यावरच्या त्या जुन्या बाणांपेक्षा मला ते चित्र कितीतरी खरं वाटतं.

कोर्टाचं थोडक्यात. सरकारनं किंवा विधिमंडळानं संविधानाच्या विरोधात काही केलं तर हायकोर्ट ते रद्द करू शकतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं फिरतं खंडपीठ, कोल्हापूरला सुरू झालंय, सातारा-सांगलीचे खटले आता तिथं चालतात, त्याआधी माणसांना मुंबई गाठायला लागायची.

गावातली गोष्ट राज्याचा कायदा होऊ शकते का, असं एकदा एका पोरीनं विचारलं होतं. होऊ शकते, आणि उदाहरण आपल्या तासगाव तालुक्यातलं आहे. विसापूरचे वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम मिळालं पाहिजे हा त्यांचा विचार, १९६५ ला विसापुरात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं राज्यभर चालली, १९७७ ला विधिमंडळानं कायदा केला आणि २००५ ला केंद्रानं त्या वाटेनं जाऊन सगळ्या देशासाठी कायदा केला. हे सांगताना मी माझी पगाराची स्लिप दाखवते, त्यात व्यवसाय कर म्हणून महिन्याला २०० रुपये कापलेले असतात आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे किती? पोरं करतात, २५००. हा कर १९७५ ला रोजगार हमीला पैसा उभा करायला म्हणून सुरू झाला. पोरांच्या आज्या रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला, नालाबंडिंगला गेलेल्या आहेत. एकीची आजी शाळेत येऊन सांगून गेली, सुकडी मिळायची ती कशी लागायची हे सुद्धा.

शेवटच्या तासिकेला खरं पत्र लिहायला लावा. मात्र आधी पत्ता शोधायचा, मुख्यमंत्र्यांना थेट लिहायचं नाही. आमच्या पोरांना शाळेच्या अलीकडं 'पुढे शाळा आहे' असा बोर्ड पाहिजे होता. रस्ता कुणाचा? सगळी पोरं रांगेनं जाऊन किलोमीटरचा दगड बघून आली. डोकं पिवळं असलं तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असलं तर राज्यमार्ग, आणि गावचे छोटे रस्ते बहुतेक जिल्हा परिषदेचे. आमचा दगड धुळीनं माखलेला, एकानं आपल्या रुमालानं पुसला तर खाली हिरवा रंग निघाला. म्हणजे राज्य, म्हणजे सार्वजनिक बांधकाम. परत येऊन सगळ्यांनी वहीत सुरुवात केली, प्रति, मा. उपअभियंता, सार्वजनिक बांधकाम उपविभाग, आणि विषयाच्या खाली एका पोरीनं लिहिलं, आमच्या शाळेत पहिलीत २२ मुलं आहेत, त्यांना अजून गाड्यांचा वेग कळत नाही.